शाळा सुटल्यावर खरेशास्त्री काय करत?

मुलांनो, आज एका शब्दापासून सुरुवात करू. दप्तर! रोज सकाळी तुम्ही पाठीला अडकवता ते. वह्या, पुस्तकं, डबा, कंपासपेटी आणि तळाशी चुरगळलेली चिंचेची गोळी. पण पेशव्यांच्या काळातल्या एखाद्या कारकुनाला जर कोणी सांगितलं असतं की, "अहो, आमचा बंड्या दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जातो," तर तो बिचारा घाबरून खालीच बसला असता! कारण त्याच्या लेखी दप्तर म्हणजे सरकारी किंवा घराण्याचे सगळे कागद. हिशेब, पत्रं, सनदा, करार, सगळं. एकेका सरदाराचं दप्तर ठेवायला वाड्यात वेगळी खोली लागायची.

आणि त्या खोलीत कागद कशात बांधलेले असत? रुमालात! हा नाक पुसायचा रुमाल नव्हे हं. हातभर किंवा त्याहून मोठं चौकोनी जाडसर फडकं, बहुधा लाल. त्यात कागदांच्या चळती ठेवायच्या, चारी टोकं उचलून घट्ट गाठ मारायची आणि फडताळात रचून ठेवायचं. असा एक रुमाल मी लहानपणी आमच्या घरी पाहिला होता. पाहिला होता म्हणजे काय, त्याचं वाटोळं करायला माझाही हात लागला होता.

दिवाळीच्या आधीची साफसफाई चालली होती. माळ्यावरून एक गाठोडं खाली आलं. आतले कागद पिवळे, कडा कसरीनं खाल्लेल्या, आणि अक्षर असं की कोणालाच लागेना. आजी म्हणाली, "मोडी आहे ते. ह्यांच्या आजोबांच्या वेळचं असेल." पण वाचणार कोण? मग ते कागद न्हाणीघरात गेले. तेव्हा आमच्याकडे पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. मी आणि माझी बहीण, दोघं मिळून आठवडाभर एकेक कागद बंबात घालत होतो. फार छान पेटायचे!

त्यातला एकच कागद वाचला. बहिणीनं तो तिच्या सागरगोट्यांच्या डबीत तळाला घातला होता. पुष्कळ वर्षांनी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाच मिनिटांत वाचून दाखवला. बैलजोडी विकत घेतल्याची पावती होती ती. आमच्या खापरपणजोबांचं नाव, विकणाऱ्याचं नाव, किंमत, दोन साक्षीदार. तारखेचा कोपरा मात्र गेलेला. गृहस्थ म्हणाले, "बाकीचे कागद असते तर सालही काढता आलं असतं. आहेत ना?"

मी काय उत्तर देणार?

म्हणून आज तुम्हाला अशा एका शिक्षकाची गोष्ट सांगतो, ज्यांनी असे कागद बंबात जाऊ दिले नाहीत. एकदोन नव्हेत, हजारो. त्यांचं नाव वासुदेव वामन खरे. लोक त्यांना वासुदेवशास्त्री म्हणत. त्यांचा जन्म १८५८ साली कोकणात गुहागरला झाला. पुढे साताऱ्याला राहून ते संस्कृत शिकले. पुण्यात टिळक-आगरकर आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. तिथं शास्त्रीबुवांनी काही काळ शिकवलं. लोकमान्यांशी त्यांचा चांगला स्नेह होता. मग ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून गेले, आणि मिरजेचेच होऊन राहिले.

मिरज तुम्हाला माहीत असेल ते रेल्वेच्या जंक्शनमुळे किंवा सतार-तंबोऱ्यांमुळे. त्या काळी ते एका छोट्या संस्थानाचं गाव होतं. संस्थानिक होते पटवर्धन. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकून घेणाऱ्या मास्तरांना या गावात असा खजिना सापडला की, त्यांचं उरलेलं आयुष्य त्यातच गेलं.

खजिना कसला, ते कळायला आधी हे पटवर्धन कोण ते पाहू. घराणं मूळचं कोकणातलं. मूळ पुरुष हरभट. त्यांचे मुलगे आणि नातू पेशव्यांच्या फौजेत पराक्रम करून मोठे सरदार झाले. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत गोविंद हरी पटवर्धनांकडे मिरज आलं. पुढे भाऊबंदांत वाटण्या होत गेल्या. मिरज, सांगली, तासगाव, जमखंडी, कुरुंदवाड अशा त्यांच्या शाखा पसरल्या. पेशव्यांच्या राज्याची दक्षिणेकडची बाजू सांभाळायची ती या मंडळींनी. हैदरअलीवर स्वारी असो, टिपूवर असो, कोल्हापूरकरांशी भांडण असो की इंग्रजांशी लढाई, पटवर्धनांचं पथक त्यात असायचंच. त्यांच्यातले परशुरामभाऊ तर तुमच्या इतिहासाच्या पुस्तकातही डोकावतात. १७९०-९१ मध्ये टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला त्यांनी कित्येक महिने वेढा घातला होता. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत ते कामी आले.

आता विचार करा. घरातले कर्ते पुरुष वर्षातले आठ-आठ महिने लांब मुलखात, तंबूत. घरी वडीलधारी माणसं, बायकामुलं, कारभारी. पुण्यात त्यांचा वकील, म्हणजे कोर्टातला नव्हे, पेशव्यांच्या दरबारात राहून आपल्या धन्याचं काम पाहणारा आणि बातम्या कळवणारा माणूस. टेलिफोन नाही, तार नाही. मग काय? पत्रं! जासूद पत्रं घेऊन धावायचे. छावणीतून घरी, घरून छावणीत, पुण्याहून मिरजेला, मिरजेहून पुण्याला. आज कूच झालं, उद्या अमुक नदी उतरणार, दाणावैरण महागली, शिपायांचा पगार तुंबला, घोडी मेली, पुण्यात कोणाचं कोणाशी बिनसलं, मुलाला ताप आला, औषध पाठवा. आलेलं पत्र वाचून झालं की रुमालात. वर्षानुवर्षं!

बखरी तुम्ही ऐकल्या असतील. बखर पुष्कळदा प्रसंग होऊन गेल्यावर लिहिलेली, त्यामुळे तिच्यात तिखटमीठ असतं. लाखांच्या फौजा, एका घावात दोन तुकडे, वगैरे. पण पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. लढाई जिंकणार की हरणार हे त्याला माहीत नाही, म्हणून तो त्या दिवशी जसं दिसलं तसं लिहितो. इतिहास लिहायचा तर या पत्रांइतकं सोनं दुसरं नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुण्याला पेशव्यांचं स्वतःचं दप्तर होतं की! होतं. प्रचंड होतं. पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात. अभ्यासकांना तिथं सहज पाऊल टाकता येत नव्हतं. त्या दप्तरातले निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून ४५ भागांत छापले गेले ते १९३० नंतर. (हे रियासतकारही मूळचे शिक्षकच बरं का! बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवायचे.) म्हणजे खरेशास्त्र्यांच्या काळात मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्याच कागदांवरून लिहायचा, तर खासगी घराण्यांची दारं ठोठवण्यावाचून इलाज नव्हता. आणि तिथं कागदांची काय दशा? काहींच्या माळ्यावर उंदीर, काहींच्या तळघरात ओल. काहींनी रद्दीत घालून मोकळं केलेलं, वाण्यानं त्यात सुपारी बांधून दिलेली. आणि काहींना वाटायचं, कागद बाहेर गेला की आपलं इनाम गेलंच! म्हणून ते गाठोड्याला हातच लावू द्यायचे नाहीत.

शास्त्रीबुवांना पटवर्धनांच्या दप्तरांतले कागद पाहायला मिळाले. चला, आपणही त्यांच्या शेजारी बसून एक रुमाल सोडू.

गाठ सुटली की पहिल्यांदा येतो तो वास. जुन्या कागदाचा, धुळीचा. कागद हातबनावटीचा. जुन्नरला आणि दौलताबादेकडे तो उत्तम होत असे. त्यावर बोरूनं काळ्याभोर शाईत लिहिलेल्या ओळी. ओळ म्हणजे खरोखरची ओळ! मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, भराभर, होता होईतो बोरू न उचलता. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. (हे ऐकून तुमच्यातल्या पुष्कळांना मोडी फार आवडणार, मला माहीत आहे!)

आता हे वाचायचं कसं? समजा कोणी 'कामआलातरकळवणे' असं सलग लिहिलं. 'काम आला, तर कळवणे' की 'का मआला तरक ळवणे'? मराठी येणारा माणूस पहिलं बरोबर ओळखतो. पण गावाचं किंवा माणसाचं अनोळखी नाव आलं की अडलं गाडं. शिवाय प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. एकाचा 'क' दुसऱ्याच्या 'फ'सारखा. सुरुवातीला एका पत्रावर तासन् तास जातात. मग हळूहळू कारकून ओळखीचे होतात. हा नेहमी घाईत असतो, हा शेपटी लांब काढतो, असं.

अक्षर लागलं, तरी अडचण संपली असं समजू नका. पत्रात लिहिलंय, 'नाना म्हणाले, भाऊंस सांगावे, दादांचे मनात वेगळेच आहे.' सांगा पाहू, कोण म्हणालं आणि कोणाला? नाना म्हणजे नानासाहेब पेशवे की नाना फडणीस? भाऊ म्हणजे पानिपतचे सदाशिवरावभाऊ, की परशुरामभाऊ, की शेजारच्या वाड्यातले तिसरेच कोणी? दादा म्हणजे रघुनाथराव असतील, नसतीलही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, मग पूर्ण नाव लिहितोय कोण! तुम्ही आईला निरोप लिहिता तेव्हा 'पिंकीकडे जातोय' एवढंच लिहिता ना? दोनशे वर्षांनी कोणी ती चिठ्ठी वाचली तर पिंकी कोण हे शोधताना त्याला घाम फुटेल.

आणि सगळ्यांत मोठी खोच तारखेची. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पेशवाईतल्या कागदांत वर्ष बऱ्याचदा अरबी आकड्यांच्या नावांनी लिहीत, तेही उलटं. आधी एकं, मग दहं, मग शतक, मग हजार. याला शुहूर सन म्हणतात. उदाहरणार्थ 'इहिदे सितैन मया व अलफ'. मंत्र वाटतो ना? पण सोपं आहे. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. 'व' म्हणजे आणि. बेरीज करा. ११६१. हे वर्ष मृग लागला की, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलायचं. शेतकऱ्याचं वर्षच ते! इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आता पत्र जर जानेवारीतलं असेल, तर ११६१ आणि ६००, किती झाले? १७६१. पानिपत! १४ जानेवारी १७६१ हा दिवस याच 'इहिदे सितैन'मध्ये येतो.

महिना आणि दिवसही कधी मुसलमानी महिन्याचे, 'छ ७ जमादिलाखर' असे. 'छ' म्हणजे चंद्र. कधी आपली तिथी, 'पौष शुद्ध ८'. ठीक आहे, पंचांग आणि जंत्री घेऊन बसलं की जमतं. पण घरगुती पत्रात पुष्कळदा नुसती तिथी, साल नाहीच! का असावं? जासूद चार दिवसांत पोचणार. यंदा कोणतं साल चाललंय हे वाचणाऱ्याला माहीत आहेच की.

मग काय करायचं? गुप्तहेरासारखं माग काढत जायचं. समजा एक पत्र आहे, तिथी भाद्रपद वद्य ५, साल नाही. पण आत लिहिलंय की, पुण्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारल्याची बातमी आली. तो खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. म्हणजे पत्र १७७३ चंच. एक खुंटी पक्की झाली. आता दुसरं पत्र घ्या. त्यात लिहिलंय, 'आपले वद्य पंचमीचे पत्र पावले.' झालं, तेही त्याच सालचं. त्यात म्हटलंय, अमक्याला फौज देऊन तुंगभद्रेकडे पाठवलं. तिसऱ्या पत्रात तो अमका तुंगभद्रेवर पोचल्याचं आहे. भेंड्यांच्या खेळासारखी एका पत्राची शेपटी दुसऱ्याला जोडत जायची. (ही पत्रं मी समजावण्यापुरती रचलीत हं, उगाच शोधू नका.) आणि एक जरी पत्र चुकीच्या वर्षात घातलं, तर मग एकच सरदार एकाच दिवशी धारवाडलाही आणि पुण्यालाही दिसायला लागतो!

हे सगळं शास्त्रीबुवांनी केलं ते शाळामास्तरकीच्या जोडीनं. फोटोकॉपी नव्हती. पत्र वाचायचं, बोरूनं किंवा टाकानं बाळबोधीत उतरवून काढायचं, तपासायचं, सालवारी लावायची. शिवाय ते नुसती पत्रं छापून मोकळे होत नसत. त्या त्या प्रसंगाची पार्श्वभूमी स्वतः सांगत, म्हणजे वाचणाऱ्याला आपण कुठल्या छावणीत, कोणाच्या तंबूत आहोत ते कळावं. मला वाटतं, इथं त्यांच्यातला शिक्षक दिसतो. मुलांना धडा वाचायला सांगण्याआधी चांगला मास्तर दोन शब्द सांगतो ना, तसं.

१८९७ साली त्यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'ची छपाई सुरू झाली. ते वर्ष कसलं होतं माहीत आहे? पुण्यात प्लेगनं कहर मांडला होता, रँडचा वध झाला होता, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली होती. अशा धामधुमीत मिरजेत एक संस्कृतचे मास्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पत्रांची मुद्रितं तपासत बसले होते. छापखान्यात तेव्हा एकेक अक्षर चिमटीत उचलून जुळवावं लागे. आणि असली पुस्तकं विकत घेणार तरी किती जण? नाटकाच्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळतं. जुन्या पत्रांच्या जाडजूड भागाला कोण विचारतो!

नाटकावरून आठवलं. खरेशास्त्री नाटककारही होते. 'गुणोत्कर्ष', 'शिवसंभव', 'उग्रमंगल' ही त्यांची नाटकं. 'यशवंतराव' नावाचं महाकाव्यही त्यांनी लिहिलं. नाना फडणिसांचं चरित्र त्यांनी १८९२ मध्येच लिहिलं होतं, आणि १९१३ मध्ये इचलकरंजी संस्थानचा इतिहास. त्या काळी नाटककार म्हणून त्यांचं चांगलं नाव होतं. आज ती नाटकं कोणी करत नाही. पण लेखसंग्रह? मराठ्यांच्या अठराव्या शतकातल्या दक्षिणेकडच्या मोहिमांवर आजही कोणी गंभीर पुस्तक लिहिलं, तर त्याच्या तळटिपांत 'खरे' हा शब्द आणि पुढे पत्राचा आकडा सापडतोच.

शास्त्रीबुवा एकटे नव्हते हं. पुण्यात काशीनाथपंत साने यांनी १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' चालवून ही वाट पाडली होती. तेही शिक्षकच. दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्यात कागद जमवत होते. आणि इतिहासाचार्य राजवाडे! ते तर गावोगाव पायपीट करत, भांडत, रागावत, कागद मिळवत हिंडायचे. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला, म्हणजे खऱ्यांच्या मागोमागच. राजवाड्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, कारण त्या सांगायला रंगतदार आहेत. खऱ्यांची गोष्ट तशी नाही. ते कुठं गेले नाहीत. एक गाव, एक शाळा, एका घराण्याचे रुमाल. एक सोडायचा, वाचायचा, बांधायचा, दुसरा घ्यायचा. मला विचाराल तर राजवाड्यांइतकंच हेही अवघड. कंटाळा येत नसेल का त्यांना? येत असणार! पंधराव्या घोडीच्या मृत्यूची बातमी वाचताना कोणाला येणार नाही?

असे एकामागून एक बारा भाग त्यांच्या हयातीत निघाले. १९२४ साली शास्त्रीबुवा गेले. काम संपलं नव्हतं, तेव्हा पुढचे भाग त्यांच्या चिरंजीवांनी काढले. रियासतकारांनी आपली मराठी रियासत लिहिताना या संग्रहाचा भरपूर आधार घेतला. आणि तिकडे बंगालमध्ये जदुनाथ सरकार नावाचे मोठे इतिहासकार होते. मूळ कागद वाचता यावेत म्हणून ते मराठी शिकले होते. त्यांनी महाराष्ट्रातल्या इतिहाससंशोधकांवर लिहिलं, त्यात मिरजेच्या या शिक्षकाचाही गौरव केला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळा खजिना छापून झाला. कोणीही संपादक निवड करतो. त्या पिढीचं लक्ष लढाया, तह आणि राजकारण यांवर होतं. आज अभ्यासकांना वेगळे प्रश्न पडतात. तेव्हा ज्वारी काय भावानं मिळायची? पाऊस कधी आला? वाड्यातल्या बायका काय लिहीत होत्या, पाणक्याला पगार किती होता? याची उत्तरं ज्या साध्यासुध्या कागदांत आहेत, ते मोठ्या सरदारांच्याच घरी असतील असं नाही. ते तुमच्या-आमच्या माळ्यावर असतात. बैलजोडीच्या पावतीसारखे.

तेव्हा यंदा साफसफाईत असं गाठोडं निघालं, तर आईबाबांना सांगून एवढं करा. कागद जोरात उलगडू नका, घडीवर ते तुटतात. फाटला असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा पुढं पिवळा पडतो आणि कागद घेऊनच निघतो. प्लॅस्टिकमध्ये कायमचे सीलबंदही करू नका. एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. पाठीमागं काही नाही असं वाटलं तरी काढा, कारण पत्ता आणि पोच मागेच असते. गाठोडं कोणाच्या घरी, कुठं होतं, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. कागद ज्या क्रमानं होते त्या क्रमानंच राहू द्या. शेजारचा कागद कोणता होता, यावरूनही साल लागतं! आणि वाचायचं असेल तर मोडी शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे १९१० साली स्थापन झालं, तिथं मोडीचे वर्ग होतात. राज्य सरकारच्या पुराभिलेख खात्यातर्फेही होतात. २०१४ पासून मोडीला संगणकाच्या युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे. आमच्या आजीनं हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, "मग बंब पेटवायला काय आणणार रे?"

आता तुमच्यासाठी आकडे देतो. वहीत लिहून घ्या. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहंचे असे : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १०० आणि अलफ १०००.

आणि हे कोडं. एका पत्रावर 'सन खमस तिसैन मया व अलफ' असं साल आहे आणि महिना इंग्रजी मार्चशी जुळतो. इसवी सन कोणता? त्या महिन्यात मराठ्यांची निजामाशी एक मोठी लढाई झाली, आणि मराठ्यांच्या फौजेचं नेतृत्व आजच्या गोष्टीत आलेल्या एका पटवर्धनांकडे होतं. लढाई कोणती आणि पटवर्धन कोणते? मोठ्यांना विचारायला हरकत नाही, पण बेरीज तुमची तुम्हीच करायची. उत्तर पुढच्या अंकात.